‘साधा सॉर्ट मारा, मराठी यादी तयार’: या दाव्याचा प्रतिवाद

कोल्हापुरातल्या प्रोग्रामर मंडळींच्या व्हॉट्सॲप गटांवर सध्या एक संदेश जोरात फिरतोय. कॉलेजची पोरं पुढे ढकलतायत आणि सहकारी संस्थांना वर्षानुवर्षं सॉफ्टवेअर करून देणारे जाणतेही ढकलतायत. मजकूर थोडक्यात असा:

‘मराठी याद्यांसाठी भाषेची वेगळी लायब्ररी लागते ही थाप आहे. युनिकोडमध्ये देवनागरी अक्षरं वर्णमालेच्याच क्रमाने बसवलेली आहेत. साधा सॉर्ट मारला की यादी बरोबर लागते. खोटं वाटत असेल तर आपल्या जिल्ह्यातले बारा तालुके सॉर्ट करून बघा. सारखं दिसणारं नाव सारखंच असतं, फार तर एकदा नॉर्मलाइझ करा. कोलेशन लावलं की सॉफ्टवेअर रांगायला लागतं, बाइटला बाइट भिडवणं सगळ्यात वेगवान. त्याहून घाई असेल तर हॅश काढून तुलना करा. सॉर्टला क्विकसॉर्टच वापरा, त्याच्यापुढे सगळे फिके. आकड्यांची काळजी नको, ते आपोआप लागतात.’

आधी शब्दांचा अर्थ: सॉर्ट म्हणजे यादी क्रमाने लावणं, कोलेशन म्हणजे भाषेप्रमाणे क्रम लावायचे नियम, नॉर्मलाइझ करणं म्हणजे एकच अक्षर वेगवेगळ्या तऱ्हांनी साठवलेलं असेल तर त्याचं एक रूप करणं, हॅश म्हणजे मजकुरावरून काढलेला एक आकडा, आणि क्विकसॉर्ट ही सॉर्ट करायची एक पद्धत. आता एकेक वाक्य घेऊ. सगळ्यांना सारखी जागा मिळणार नाही. काहींची लायकी दोन ओळींची आहे, काहींत खरंच बोलण्यासारखं आहे.

बारा तालुके सॉर्ट करून बघा

केले. आजरा, करवीर, कागल, गगनबावडा, गडहिंग्लज, चंदगड, पन्हाळा, भुदरगड, राधानगरी, शाहूवाडी, शिरोळ, हातकणंगले. एकही नाव जागेवरून हललेलं नाही. संदेश इतका पसरला तो याच एका ओळीमुळे, कारण ती कुणालाही मिनिटभरात करून बघता येते.

आणि हे योगायोगाने घडत नाही, हेही मान्य करू. युनिकोड प्रत्येक अक्षराला आणि मात्रेला एक ठरलेला क्रमांक देतं, त्याला कोड पॉइंट म्हणतात. युनिकोडची देवनागरी मांडणी १९८८ च्या इस्की या भारतीय संकेतप्रणालीवरून घेतलेली आहे, आणि ती करणाऱ्यांनी वर्णमाला डोळ्यांसमोर ठेवली होती. आधी स्वर, मग क पासून ह पर्यंत व्यंजनं, मग काना-वेलांट्या, शेवटी हलन्त. म्हणून ‘कप’ हा ‘काप’च्या आधी येतो, ‘काप’ हा ‘कौल’च्या आधी, आणि ‘क्रम’ सगळ्या बाराखडीनंतर. कोड पॉइंटच्या नुसत्या क्रमाने एवढं फुकटात मिळतं. इंग्रजीत साध्या सॉर्टने सगळी मोठी अक्षरं छोट्यांच्या आधी जाऊन बसतात, तो त्रास आपल्याला नाहीच.

पण इस्कीची मांडणी सगळ्या भारतीय लिप्यांना मिळून एकच होती. तमिळ, कन्नड, देवनागरी, सगळ्यांचा ळ एकाच खान्यात, ल च्या शेजारी. युनिकोडने तेच उचललं: ल ०९३२, ळ ०९३३, ह ०९३९. आपण मात्र शाळेत ‘श ष स ह ळ क्ष ज्ञ’ असं घोकलेलं असतं. तालुक्यांच्या यादीत पन्हाळा आणि शिरोळ यांच्यात ळ आहे खरा, पण तो शेवटाकडे आहे. दोन नावं जिथे एकमेकांपासून वेगळी होतात त्या जागी तो कुठेच येत नाही. परीक्षाच अशी निवडली की नापास व्हायची सोय नाही.

आता एकट्या करवीर तालुक्यातली गावं घ्या. साधा सॉर्ट वडणगे, वळिवडे, वसगडे असा क्रम देतो. वर्णमालेने तो वडणगे, वसगडे, वळिवडे असा हवा. कळंबा आणि कसबा बावडा यांचंही तेच, साधा सॉर्ट कळंबा आधी लावतो. आडनावांत तर विचारूच नका. कोल्हापुरात साळोखे किती आहेत हे काय सांगायचं? कोड पॉइंटने क्रम लागतो साळोखे, सावंत, सासने. वर्णमालेने सावंत, सासने, साळोखे. शेळके आणि शेवाळे यांची अदलाबदल होते, काळे आणि कासार यांचीही.

क्ष आणि ज्ञ यांचा गुंता आणखी वेगळा. युनिकोडला ही स्वतंत्र अक्षरं माहीतच नाहीत. क्ष म्हणजे क, हलन्त, ष असे तीन कोड पॉइंट. त्यामुळे क्षीरसागर ‘क’च्या शेपटाला जातात आणि ज्ञानदेव ‘ज’च्या. काही शब्दकोशांनाही हेच मान्य आहे, तेव्हा याला सरसकट चूक म्हणता येणार नाही. पण तुमच्या संस्थेची छापील यादी क्षीरसागरांना अगदी शेवटी ठेवत असेल, तर सॉफ्टवेअरनेही तिथेच ठेवलं पाहिजे. हा प्रश्न शब्दाच्या मध्येही येतो हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. क्ष ला शेवटचं अक्षर मानलं की ‘लक्ष्मण’ हा ‘लहू’च्या नंतर जातो. नाही मानलं तर ‘लखन’च्याही आधी.

अनुस्वाराचं काय करायचं हे कुठलंच मशीन सांगू शकत नाही. युनिकोडमध्ये अनुस्वार स्वरांच्याही आधी आहे, ०९०२ वर. त्यामुळे कांबळे हे काटे, कामत, काळे या सगळ्यांच्या आधी येतात. बाराखडीत मात्र ‘कं कः’ हे ‘कौ’च्या नंतर म्हणतात. त्या हिशोबाने कंदलगाव हे कोडोलीच्याही नंतर गेलं पाहिजे. दोन्ही रीती मराठीत चालू आहेत. कुठली घ्यायची हे कार्यालयाला विचारून, लिहून घेऊन ठरवायचं असतं. ‘युनिकोडने जे दिलं ते बरोबर’ असं म्हणणं म्हणजे हा निर्णय न विचारताच घेऊन टाकणं.

शेवटचा मासला ॲ चा. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ या आवृत्तीत आलं. तोवर स्वरांची रांग भरून गेलेली, म्हणून त्याला ०९७२ ही जागा मिळाली, म्हणजे व्यंजनं, मात्रा, आकडे सगळ्यांच्या पलीकडे. पुढच्याच वर्षी राज्य शासनाने प्रमाण वर्णमालेचा निर्णय काढून ॲ आणि ऑ यांना स्वरांत बसवलं, पण कोड पॉइंट एकदा दिला की बदलत नाही. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीवाल्यांची यादी साध्या सॉर्टने लावली, तर नावात पहिला शब्द ‘ॲलॉय’ असलेले सगळे ‘ह’च्या खाली जाऊन पडतात. मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये ‘युनिकोड_सीआय’ हे जुनं कोलेशन निवडलं तरी सुटका नाही. ते युनिकोडच्या तुलनेच्या नियमांच्या ४.०.० या आवृत्तीवर बेतलेलं आहे, आणि त्या वेळी ॲ जन्मालाच आलेला नव्हता.

हे सगळं हाताने सांभाळायची गरज नाही. सीएलडीआर या मुक्त भांडारात मराठीसाठी वेगळे क्रमनियम लिहून ठेवलेले आहेत, ळ ला ह च्या पुढे नेणारे. आयसीयू ही लायब्ररी ते वापरते आणि पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये १० व्या आवृत्तीपासून आयसीयूची कोलेशनं थेट वापरता येतात. संदेशात जिला थाप म्हटलंय ती लायब्ररी ही.

सारखं दिसणारं नाव सारखंच असतं

या वाक्याने याद्यांचं जेवढं नुकसान केलंय तेवढं चुकीच्या क्रमानेही केलेलं नसेल. क्रम चुकला तर माणूस जरा शोधून नाव काढतो. तुलना चुकली तर एकच सभासद दोनदा नोंदला जातो, किंवा यादीत असूनही ‘नाव सापडत नाही’ असं उत्तर खिडकीवर मिळतं.

वरचाच ॲ घ्या. तो एका कोड पॉइंटने लिहिता येतो, आणि अ वर अर्धचंद्र चढवून दोन कोड पॉइंटांनीही. बहुतेक फॉन्टमध्ये डोळ्यांना फरक दिसत नाही. संदेश म्हणतो, नॉर्मलाइझ करा. केलं, काही फरक पडला नाही. युनिकोडच्या व्याख्येत हे दोन समतुल्य नाहीतच. मानकात फक्त एवढं सांगितलंय की दुसरी पद्धत वापरू नका. ते टायपिस्टला कोण सांगणार?

नॉर्मलायझेशनने काहीच होत नाही असंही नाही. र खाली नुक्ता (ठिपका) देऊन लिहिलेला ऱ आणि एकसंध ऱ हे दोन्ही त्याने एक होतात. ज खालच्या नुक्त्याचं एकसंध रूप फोडून दोन कोड पॉइंटांचं केलं जातं, म्हणजे तिथेही एकवाक्यता येते. पण मराठीतल्या खऱ्या अडचणी याच्या बाहेरच्या आहेत.

कऱ्हाडचं नाव दोन तऱ्हांनी टाइप होतं. एका कीबोर्डवरून ऱ, हलन्त, ह असं. दुसऱ्यावरून र, हलन्त, मग न दिसणारा जोडचिन्हाचा कोड पॉइंट, मग ह. छापून बघितलं तर दोन्ही तंतोतंत सारखे. बाइट वेगळे, नॉर्मलायझेशन हात लावत नाही. यावर कुणीतरी हमखास सुचवतं की अदृश्य चिन्हं सगळी पुसून टाका. तसं केलं की र वर रफार चढतो, आणि ‘आचाऱ्यांना’ बोलावलं होतं तिथे ‘आचार्यांना’ येतात. पंगतीचं वाढप राहिलं बाजूला! आयसीयूसुद्धा तुलना करताना हे अदृश्य चिन्ह धरत नाही, त्यामुळे अशा लिहिलेल्या स्वयंपाक्याला आणि गुरुजींना ती एकच समजते. लायब्ररी आणली म्हणून डोकं बाजूला ठेवता येत नाही ते असं. आधी ‘र, हलन्त, जोडचिन्ह’ या तिघांचं ‘ऱ, हलन्त’ करायचं, मग उरलेली अदृश्य चिन्हं काढायची. क्रम उलटा केला तर माहिती कायमची गेली.

विसर्गाच्या जागी कोलन हा तर रोजचा प्रकार. ‘दुःख’ मधलं विसर्गाचं बटण सापडत नाही म्हणून विरामचिन्हांतलं अपूर्णविराम दाबलं जातं. जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमधून बदलून घेतलेल्या याद्यांत ‘आ’च्या जागी ‘अ’ला काना जोडलेला निघतो. शिवाजी किंवा श्रीलिपी घराण्यातल्या फॉन्टमध्ये तर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी साठवलेली असते, कारण ती आधी दिसते. अशा मजकुरावर बदल न करता सॉर्ट मारला तर ‘किरण’ आणि ‘विजय’ एकाच वेलांटीखाली गोळा होतात. आपल्या भागातल्या कित्येक संस्थांचं जुनं दप्तर अजून त्याच रूपात आहे.

म्हणून तुलनेआधी स्वतःची एक साफसफाईची पायरी लागते. नॉर्मलायझेशन, मग वरचे मराठी बदल, मग पुढचे-मागचे आणि दुहेरी रिकाम्या जागा काढणं. ही पायरी नोंद आत घेतानाच चालवायची. प्रत्येक शोधाच्या वेळी चालवली तर ती खरंच महाग पडते.

कोलेशन लावलं की सॉफ्टवेअर रांगतं

यात तथ्य आहे, आणि ते नाकारून प्रतिवाद करायचा नाही. भाषेच्या नियमांनी केलेली एक तुलना ही बाइटांच्या एका तुलनेपेक्षा कितीतरी जड असते. प्रत्येक अक्षराचं वजन तक्त्यातून काढायचं, क्ष सारख्या जोडण्या ओळखायच्या, पहिल्या पातळीवर बरोबरी झाली तर दुसरी पातळी बघायची. बाइटांच्या तुलनेत प्रोसेसर एका सूचनेत सोळा-बत्तीस बाइट एकदम पडताळतो.

पण संदेश लिहिणाऱ्याने जी मंद गोष्ट मोजली ती बहुधा कोलेशन नव्हे, कोलेशन वापरायची चुकीची रीत आहे.

एक लाख सभासदांची यादी घ्या. ती लावायला सुमारे १५ ते १७ लाख तुलना होतात, म्हणजे प्रत्येक नाव सरासरी तीसेक वेळा तुलनेत सापडतं. प्रत्येक वेळी त्याची वजनं नव्याने काढली तर एकच काम तीस वेळा झालं. जावास्क्रिप्टमध्ये सॉर्टच्या आत ‘लोकेलकम्पेअर’ लिहिलं की साधारण हेच होतं. त्याऐवजी ‘इंटल’मधला कोलेटर (भाषेच्या नियमांनी तुलना करणारा तयार घटक) एकदा तयार करून त्याचीच तुलना वापरली, तर निदान नियमांची जुळवाजुळव दरवेळी होत नाही. (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या नोडची आवृत्ती १३ च्या आधीची असेल तर त्यात मूळ बांधणीत फक्त इंग्रजीचे नियम असायचे. मराठी मागितली तरी ती तक्रार न करता दुसरंच काहीतरी द्यायची. जुन्या सर्व्हरवर आधी हे तपासा.)

याहून चांगलं म्हणजे तुलनाच बाइटांची करायची, फक्त बाइट आपण ठरवलेले. प्रत्येक नावाची एकदाच एक सॉर्ट-की काढायची. ती अशी, की दोन कींची नुसती बाइटला बाइट तुलना केली तरी भाषेचा क्रम मिळावा. आयसीयूत ही सोय तयार आहे, सी भाषेत ‘स्ट्रएक्सफर्म’ आहे, पायथॉनच्या सॉर्टला ‘की’ म्हणून हेच फंक्शन देता येतं. एक लाख की काढल्या, पुढच्या १५ लाख तुलना बाइटांच्या वेगाने झाल्या. बरोबर क्रम आणि वेग यांतलं एकच घ्यावं लागतं, ही संदेशाची मूळ समजूत इथेच निकालात निघते.

आता जरा गंमत. यादी फक्त देवनागरीत असेल, जशी आपल्याकडच्या बहुतेक सभासद याद्या असतात, तर यूटीएफ-८ चे (म्हणजे युनिकोड मजकूर साठवायच्या नेहमीच्या रीतीचे) बाइट भिडवणं हे वेगातसुद्धा कमी पडतं. देवनागरीचं प्रत्येक अक्षर, प्रत्येक मात्रा यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट खाते. त्यातला पहिला बाइट सगळ्यांचा एकच, आणि दुसऱ्याला दोनच पर्याय. तीन बाइटांतला जवळपास एकच कामाचा. वेगवान सॉर्ट करणारे प्रोग्राम नावाचे पहिले आठ बाइट नोंदीशेजारीच ठेवतात, कारण खरा वेळ तुलनेत जात नाही. तो मेमरीत दूर कुठेतरी पडलेलं पूर्ण नाव ओढून आणण्यात जातो. आठ बाइटांत फरक सापडला तर ती खेप वाचते. इंग्रजीत आठ बाइट म्हणजे आठ अक्षरं. आपल्याकडे आठ बाइट म्हणजे प, काना, आणि तिसऱ्या अक्षराचे दोन निरुपयोगी बाइट. पाटील, पाथरे, पावसकर, पासलकर सगळे त्या आठ बाइटांत सारखेच. आणि कोल्हापुरातल्या कुठल्याही यादीत नुसते पाटीलच किती निघतील याचा अंदाज करा.

संपूर्ण देवनागरी विभाग १२८ कोड पॉइंटांचा आहे. एका बाइटात २५६ जागा असतात. म्हणजे प्रत्येक अक्षराला एक बाइट देणारा स्वतःचा तक्ता अगदी आरामात बसतो. सगळ्यात लहान किंमत रिकाम्या जागेला, मग स्वर (ॲ सुद्धा तिथेच, हवा त्या ठिकाणी), मग क ते ह, मग ळ, क्ष, ज्ञ. त्यानंतर मात्रा, तुमच्या संस्थेच्या रीतीप्रमाणे अनुस्वार आणि विसर्ग, शेवटी हलन्त. क्ष आणि ज्ञ हे तीन-तीन कोड पॉइंट मिळून एकाच बाइटात बसवायचे. अशी की मूळ यूटीएफ-८ च्या साधारण तिसऱ्या हिश्श्याएवढी होते, आणि तिचे पहिले आठ बाइट थेट ‘पाटील रा’ पर्यंत पोचतात. राजाराम पाटील आणि शंकर पाटील यांना वेगळं करायला मेमरीची खेप लागत नाही. चुकीचा क्रम देणाऱ्या बाइट-तुलनेपेक्षा बरोबर क्रम देणारी ही तुलना वेगाने चालायला पूर्ण वाव आहे.

दोन पथ्यं. आठ बाइट एक मोठा पूर्णांक म्हणून वाचणार असाल तर इंटेल-एएमडीच्या प्रोसेसरवर बाइटांचा क्रम उलटवून घ्या, नाहीतर शेवटचं अक्षर पहिलं धरलं जाईल. आणि दोन वेगळ्या नावांची की एकच आली तर मूळ बाइटांवर निकाल लावा, म्हणजे यादी दरवेळी तशीच लागेल. नावात इंग्रजी अक्षरं मिसळलेली असतील, तर मात्र हा घरगुती तक्ता ताणू नका. सरळ आयसीयूची की घ्या.

कोलेशनवरचा एक खरा आरोप संदेशात आलेलाच नाही, तो मी करतो. नियम बदलतात. जीलिबसी या लिनक्सच्या मूळ लायब्ररीने २०१८ मध्ये २.२८ या आवृत्तीत आपले क्रमनियम मोठ्या प्रमाणावर बदलले. त्याआधीच्या लिनक्सवर बांधलेले पोस्टग्रेसचे इंडेक्स (शोधासाठी आधीच क्रमाने लावून ठेवलेल्या याद्या) डेबियन १० किंवा रेड हॅट ८ या नव्या लिनक्सवर तसेच उचलून नेले, की एका क्रमाने लावलेल्या यादीत दुसऱ्या क्रमाने शोध सुरू व्हायचा. यादी निम्म्यात कापत जाणारा शोध मग चुकीच्या अर्ध्यात शिरतो, आणि सावंत असून सापडत नाही. डेटाबेस एका क्रमाने लावतोय आणि ॲप दुसऱ्या क्रमाने शोधतंय, अशा घरच्याच भानगडीतही हेच होतं. म्हणून काढलेल्या कीसोबत नियमांची आवृत्ती साठवा, आणि ती बदलली की इंडेक्स नव्याने बांधा.

हॅश काढून तुलना करा

हॅश काढायला पूर्ण नाव वाचावं लागतं. तुलना पहिल्या वेगळ्या अक्षराला थांबते. एकदाच तुलना करायची असेल तर हॅश हा निव्वळ जादा खर्च आहे. त्याआधी दोघांची लांबी बघितली तरी पुष्कळ निकाल तिथेच लागतात.

शिवाय हॅश सारखा आला म्हणजे नाव सारखं, असं धरता येत नाही. जावाचा स्ट्रिंगचा हॅश प्रत्येक पायरीला आधीच्या बेरजेला ३१ ने गुणून पुढचं अक्षर मिळवतो. ग च्या पुढचा कोड पॉइंट घ, आणि काना व ट यांच्यातलं अंतर नेमकं ३१. त्यामुळे जावात ‘गाणे’ आणि ‘घटणे’ यांचा हॅश एकच येतो. ‘बा’ आणि ‘भट’ यांचाही. जावा असलेल्या कुठल्याही मशीनवर करून बघा. हॅश जुळल्यावर मूळ शब्द पडताळावेच लागतात.

तेच नाव पुन्हा पुन्हा शोधायचं असेल, तिथे हॅश टेबल हवंच. पण हॅशला लहान-मोठेपणा नसतो, म्हणजे सॉर्टमध्ये त्याचं कामच नाही. सॉर्टच्या चर्चेत हे वाक्य आलं कुठून, देव जाणे.

क्विकसॉर्टपुढे सगळे फिके

आकड्यांसाठी लिहिलेलं हे वाक्य स्ट्रिंगना तसंच चिकटवलंय. आकड्यांची तुलना एका फटक्यात होते. स्ट्रिंगमध्ये प्रत्येक तुलना आधीचा सामायिक भाग पुन्हा पहिल्यापासून वाचते. क्विकसॉर्टमध्ये पाटलांचा गट जसजसा लहान होत जातो तसतशी प्रत्येक तुलना ‘पाटील’ हा शब्द नव्याने चालून जाते, जरी त्या गटातले सगळेच पाटील आहेत हे कधीच कळलेलं असलं तरी. बेंटली आणि सेजविक या संगणकशास्त्रज्ञांनी १९९७ मध्ये यावरच उपाय मांडला. एका वेळी एकच अक्षर घ्यायचं, त्यावर लहान, सारखे आणि मोठे असे तीन गट पाडायचे, आणि सारख्यांच्या गटात पुढच्या अक्षराकडे जायचं. सामायिक भाग पुन्हा वाचावा लागत नाही. वरच्या एक-बाइटी कीवर ही पद्धत छान बसते. यूटीएफ-८ वर मात्र पहिल्याच बाइटला सगळी यादी ‘सारख्यां’च्या गटात येते.

रोजच्या कामात तर बहुधा तेवढंही लागत नाही. संस्थेची यादी म्हणजे गेल्या वर्षी लावलेली मोठी यादी आणि शेवटी चिकटवलेली पुरवणी. पायथॉनमधला टिमसॉर्ट, जो टिम पीटर्स यांनी २००२ मध्ये लिहिला, आधीच लागलेले सलग तुकडे ओळखून फक्त जोडतो. अशा यादीवर तो साध्या क्विकसॉर्टला सहज मागे टाकतो. तो स्थिरही आहे. आधी नावाने आणि मग गावाने लावलं तर गावातली नावं लागलेलीच राहतात. क्विकसॉर्ट ही हमी देत नाही. (पायथॉनमध्ये ३.७ पासून स्ट्रिंगसाठी एक खास जलद वाट आहे, पण ती फक्त सगळी अक्षरं लॅटिन-१ मधली (युनिकोडच्या पहिल्या २५६ चिन्हांतली) असली तरच. देवनागरीला ती मिळत नाही. बाइटांची की दिली तरी ती वाट मिळत नाही, पण तेव्हा तिची उणीवही भासत नाही.)

एक चूक इथेच नोंदवतो, कारण ती साध्या सॉर्टला ‘थोडी डागडुजी’ करणाऱ्यांकडून होते. तुलनेच्या फंक्शनमध्ये ‘ळ दिसला तर मोठा समज’ अशी एखादी अट मधेच टाकली जाते. मग अ, ब, क अशी तीन नावं धरली, तर अ हे ब पेक्षा लहान, ब हे क पेक्षा लहान, आणि क हे अ पेक्षा लहान असं चक्र तयार होऊ शकतं. जावा ७ पासून टिमसॉर्टला हे आढळलं तर तो चूक दाखवून थांबतो, आणि ते बरंच आहे. बाकी ठिकाणी यादी गुपचूप विस्कटते. अट तुलनेत घालायची नाही, तक्त्यात घालायची.

आकडे आपोआप लागतात

अजिबात नाही. ‘गट नं. १०’ हा ‘गट नं. २’ च्या आधी येतो, कारण तुलना एकेका चिन्हाची होते आणि १ हा २ पेक्षा लहान. शिवाय इंग्रजी आकडे सगळ्या देवनागरी अक्षरांच्या आधी आहेत आणि देवनागरी आकडे त्या अक्षरांच्या नंतर. एका तलाठ्याने इंग्रजी आकड्यांत भरलेले गट वर आणि दुसऱ्याने मराठीत भरलेले तळाला, अशी एकाच गावाची दोन गावं होतात. आयसीयूत आकड्यांना संख्या म्हणून वाचायचा पर्याय आहे, तो चालू केला की दोन्ही लिप्यांतले आकडे एकत्र येतात आणि संख्येच्या क्रमाने लागतात. घरचा तक्ता वापरत असाल तर की बनवतानाच प्रत्येक संख्येची डावीकडची शून्यं काढा, उरलेले अंक किती ते एका बाइटात आधी लिहा आणि मग अंक लिहा. दोनअंकी संख्या एकअंकीच्या पुढेच राहते, आणि ‘१०/२अ’ सारखा पोटहिस्साही त्याच रीतीने जागेवर बसतो.